बिल्टीपासून पोचेपर्यंत

मालवाहतुकीच्या धंद्यात ज्याला पूर्वी हुंडेकरी म्हणत, त्याच्या पेढीवर एक जाड खतावणी, बिल्टीपुस्तक आणि दूरध्वनी एवढा सरंजाम असला की कारभार चाले. आता खतावणीच्या जागी संगणक आला आहे, आणि त्यातले वाहतूक-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर गाडी कोठे आहे, भाडे किती ठरले, डिझेल किती जळले, पोच आली की नाही, याचा इत्यंभूत तपशील क्षणार्धात पुढे मांडील, असे विकणाऱ्याचे आश्वासन असते. आश्वासन अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. तरी त्याच मेजावर एक्सेलचा तक्ता आणि व्हॉट्सॲपचा ग्रूप अद्याप का चालू आहे, हे तेथील कारकुनाला जरूर विचारावे.

चाकणहून हैदराबादेस निघालेला ट्रक सोलापूर ओलांडल्यावर बंद पडला आणि मालकाने दुसरी गाडी पाठवून माल तीत चढवला, असे समजा. पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यात नेताना 1 एप्रिल 2018 पासून ई-वे बिल लागते; त्याच्या 'ब' भागात गाडीचा क्रमांक असतो, आणि सामान्य मालाच्या बाबतीत दर 200 किलोमीटरांस एक दिवस या हिशेबाने त्याची मुदत ठरते. गाडी बदलली की क्रमांक बदलावा लागतो, मुदत टळत असेल तर ती संपण्याच्या आधीच्या वा नंतरच्या आठ तासांत वाढवून घ्यावी लागते, नाहीतर तपासणीत गाडी अडकण्याची धास्ती. पण पुष्कळशा सॉफ्टवेअरांत फेरी आणि गाडी यांची गाठ एकदा बसली की सुटत नाही: क्रमांक बदलायचा तर सगळी फेरीच रद्द करून नवी मांडावी लागते, मग पहिल्या चालकाला दिलेला अ‍ॅडव्हान्स एका खात्यात, डिझेल दुसऱ्यात, आणि महिनाअखेरीस रुजुवात करणाऱ्याच्या नशिबी तगादा. सुरळीत प्रवासाची नोंद कोणतेही सॉफ्टवेअर ठेवते. ते पारखावे ते अशा खोळंब्याच्या प्रसंगी.

दुसरा दोष दफ्तरादफ्तरांतल्या भिंतींचा. माल देणाऱ्याची एक प्रणाली, वाहतूकदाराची दुसरी, गोदामाची तिसरी. एकच बिल्टी क्रमांक तीन ठिकाणी हाताने टंकला जातो आणि एखादा अंक हटकून चुकतो.

मार्ग आखण्याचे गणित मात्र जुने आणि भारदस्त आहे. डॅन्टझिग आणि रॅम्सर या गणितज्ञांनी 1959 मध्ये पेट्रोलपंपांना इंधन पोचवणाऱ्या ट्रकांच्या फेऱ्यांवर निबंध लिहिला, तेव्हापासून या प्रश्नाचा पाठपुरावा चालू आहे. कारण केवळ वीस दुकानांना माल द्यायचा म्हटला, तरी त्यांचे संभाव्य क्रम दोनावर अठरा शून्ये मांडावीत याहूनही अधिक भरतात. तथापि किलोमीटर वाचवण्याच्या भरात, शहरात अवजड वाहनांना सकाळ-संध्याकाळ प्रवेशबंदी असते, घाटात भरलेली गाडी रांगत चढते आणि कारसाठी काढलेल्या नकाशातला आडरस्ता ट्रकला झेपत नाही, याचा स्वस्त सॉफ्टवेअरांना विसर पडतो.

चांगल्या प्रणाली या उणिवा भरून काढतात. केंद्र सरकारने 17 सप्टेंबर 2022 रोजी राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाबरोबर 'युलिप' हे सामायिक व्यासपीठ सुरू केले. वाहननोंदणी, चालकपरवाना, फास्टॅग अशा सरकारी दप्तरांतली माहिती त्यातून थेट मिळू शकत असल्याने पुन्हा टंकण्याची तसदी वाचते, आणि गाडीतले जीपीएस बंद पडले तरी ती कोणत्या टोलनाक्यावरून केव्हा गेली हे कळते. चालकाच्या मोबाइलवर त्याच्याच भाषेत चालणारे, रेंज नसताना नोंद साठवून रेंज आल्यावर पाठवणारे साधन मला या सर्वांत मोलाचे वाटते. सही-शिक्क्याच्या पोचेचा फोटो लगेच पेढीवर आला की बिल त्याच दिवशी निघते. एरवी तो कागद टपालाने येईपर्यंत उरलेले भाडे अडून राहते. रंगीबेरंगी आलेखांनी मालकाचा पडदा सजवण्यावर जो खर्च होतो, त्याचा थोडा अंश जरी इकडे वळला तरी पुष्कळ झाले.

त्याच मोबाइलमुळे गाडी कारखान्याच्या फाटकाशी केव्हा लागली आणि माल उतरून केव्हा सुटली, या दोन्ही वेळांचीही नोंद होते. मोठ्या गिऱ्हाइकांना ही सोय फारशी रुचत नाही. कारण दिवस-दिवस रांगेत उभ्या राहिलेल्या गाडीचे हॉल्टिंग, म्हणजे खोळंब्याचे भाडे, मागताना वाहतूकदाराच्या हाती प्रथमच लेखी पुरावा येतो.