रोषणाई : उजेड पडतो कशावर?



शाळेच्या गणेशोत्सवाच्या तयारीसाठी झालेल्या बैठकीत सजावटीचे एक दरपत्रक आले होते. त्यात 'विद्युत रोषणाई' ह्या शीर्षकाखाली इमारतीवर माळा, फाटकावर कमान आणि मिरवणुकीसाठी चार लेझर व दोन 'शार्पी' दिवे असा तपशील होता. शेवटच्या दोन गोष्टींना मी नकार दिला. काही पालकांना ते रुचले नाही, आणि मुलांना तर मुळीच नाही. "मॅडम, सगळीकडे असतात, मग आपल्याकडेच का नाहीत?" असे दहावीच्या एका मुलाने सरळ विचारले. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखे नाही, म्हणून हा लेख.

आधी शब्दाबद्दल थोडेसे. माझे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत आणि उर्दूत 'रोशनाई' म्हणजे शाई. मराठी मंडळाच्या गणपतीच्या पत्रिकेत 'विद्युत रोषणाई' हे शब्द मी पहिल्यांदा वाचले, तेव्हा विजेची शाई हा काय प्रकार आहे ते मला कळेना. घरी विचारले तर सगळे पोट धरून हसले. आता वाटते, ती चूक अगदीच वाया गेली नाही. शाई उमटायला कागद लागतो, तसा उजेड दिसायला काहीतरी लागते : भिंत, पान, पाणी, नाहीतर धूर. रिकाम्या हवेतून जाणारा उजेड बाजूने पाहणाऱ्याला दिसतच नाही. एवढे एक लक्षात ठेवले, की सार्वजनिक ठिकाणची रोषणाई समजून घेणे सोपे जाते.

आपण नामपल्लीकर रोषणाईच्या बाबतीत तसे भाग्यवान. जानेवारी उजाडला की नुमाइशीच्या दिव्यांच्या कमानी आपल्या वाटेवरच उभ्या राहतात. हे प्रदर्शन 1938 मध्ये पब्लिक गार्डन्समध्ये सुरू झाले आणि 1946 पासून सध्याच्या मैदानावर भरू लागले. त्याच्या उत्पन्नातून शिक्षणसंस्था चालतात, ही गोष्ट मला मुख्याध्यापिका म्हणून विशेष प्रिय आहे. तिथल्या मोठ्या पाळण्यावर दिवे गरागरा पळताना तुम्ही पाहिले असतील. खरे तर त्यातला एकही दिवा आपली खोबण सोडून पळत नसतो. शेजारशेजारचे दिवे ठरावीक क्रमाने लागतात आणि विझतात, आणि धावण्याचा भास आपला मेंदू निर्माण करतो. माक्स वर्टहायमर ह्या मानसशास्त्रज्ञाने 1912 मध्ये ह्या भासाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज हे काम इलेक्ट्रॉनिक चिप करते. पूर्वी त्यासाठी लाकडी रूळ असे. रुळावर धातूच्या पट्ट्या ठोकलेल्या असत. मोटरने रूळ फिरला की पट्टी तारेला टेकेल तेवढा वेळ दिवा लागे. पश्चिम बंगालमधील चंदननगरच्या कारागिरांनी अशा रुळांवर आणि बोटाच्या पेरापेक्षा लहान बल्बांवर मोर नाचवले, आगगाड्या चालवल्या. त्यांच्यातील श्रीधर दास यांचे नाव तर देशाबाहेरही गेले.

नुमाइशीची आठवण निघाली की 30 जानेवारी 2019 ची रात्रही आठवते. त्या आगीत कितीतरी दुकाने जळाली. तात्पुरत्या मांडवात ओढलेल्या तारा आणि त्यांवर पडणारा भार हा विषय म्हणूनच मी दरवर्षी काढते आणि दरवर्षी थोडी अप्रिय होते. असो.

आपल्या लोकांची सर्वांत जुनी सार्वजनिक रोषणाई म्हणजे दीपमाळ. महाराष्ट्रातील देवळांपुढे दगडी खांबासारखी, वर निमुळती होत गेलेली ही बांधणी तुम्ही सुटीत गावी गेल्यावर पाहिली असेल. जेजुरीला चढताना तर अशा कितीतरी दीपमाळा लागतात. खांबाच्या अंगातून बाहेर आलेल्या दगडी हातांवर पणत्या ठेवायच्या. गोव्यातील मंगेशीचा दीपस्तंभ सात मजल्यांचा आहे, तिथे कोनाड्यांत दिवे लागतात. त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळ पाजळली की आधी अंधारात नाहीसा झालेला तो खांब थराथराने वर चढत गेल्यासारखा दिसू लागतो. पणतीचा उजेड तो केवढा! पण तो दगडावर पडतो, म्हणून दगड दिसतो. कोल्हापूरला पंचगंगेच्या घाटावर त्याच पौर्णिमेच्या पहाटे हजारो पणत्या लागतात. तिथे पायऱ्याही दिसतात, आणि खाली पाण्यात त्यांचे दुसरे रूपही दिसते. दिवे लावायला गावातले कुणीही येते, त्याला दरपत्रक लागत नाही.

फ्रान्समधील ल्यों शहराची गोष्ट ह्याच्या फार जवळची आहे. 8 डिसेंबर 1852 रोजी तिथे टेकडीवरील मेरीमातेच्या मूर्तीचा सोहळा होता. त्या दिवशी वादळी हवेमुळे समारंभ रद्द होण्याची वेळ आली. संध्याकाळी आभाळ निवळले, तेव्हा लोकांनी आपापल्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या आणि सगळे शहर उजळले. दरवर्षी तो दिवस पाळला जाऊ लागला. आज तिथला प्रकाशोत्सव चार दिवस चालतो, जगभरचे कलावंत येतात, पण घरोघरच्या खिडक्यांत काचेच्या पेल्यातली मेणबत्ती अजून लागते.

इमारतीवर दिवे टाकून तिचीच कथा सांगायची, हा प्रकारही फ्रान्समधलाच. 1952 मध्ये शांबोर येथील राजवाड्यात पहिला 'ध्वनी आणि प्रकाश' कार्यक्रम झाला. आपल्या गोवळकोंड्यावर तो 1993 मध्ये आला. अमिताभ बच्चन यांच्या आवाजातील निवेदन ऐकत डासांना हाकलत बसलेले पालक आपल्यात पुष्कळ असतील! त्या कार्यक्रमातले मुख्य तंत्र अगदी साधे आहे. दिवा झाडामागे किंवा भिंतीआड लपवायचा आणि उजेड समोरून न टाकता खालून किंवा बाजूने तिरपा टाकायचा. समोरून टाकला तर भिंत सपाट, पिठासारखी दिसते. तिरपा टाकला तर प्रत्येक दगडाची सावली पडते आणि तटबंदी अंगावर येते. घरी करून पाहा. टॉर्च आधी भिंतीसमोर धरा, मग भिंतीला लावून आडवा धरा. रोज पाहिलेल्या भिंतीतले खड्डे आणि पोपडे एकदम दिसू लागतील (आणि रंगाऱ्याने काय दिवे लावले आहेत तेही). चारमिनारच्या चुन्याच्या नक्षीलाही असाच तिरपा उजेड मानवतो. जेव्हा जेव्हा तिच्यावर समोरून भडक रंग टाकले गेले, तेव्हा तेव्हा मला ती वास्तू लग्नाच्या मंडपासारखी वाटली.

ह्याच्या पुढची पायरी म्हणजे 'प्रोजेक्शन मॅपिंग'. सिडनीत 2009 पासून होणाऱ्या 'व्हिव्हिड' महोत्सवात ऑपेरा हाऊसच्या पांढऱ्या शिडांवर चित्रे हलतात, ती ह्याच पद्धतीने. आधी इमारतीचे काटेकोर माप घेऊन संगणकावर तिची प्रतिकृती करतात. मग चित्र असे कापतात, की खांबावरचे खांबावरच पडावे, खिडकीतले खिडकीतच. मोठ्या भिंतीला एक प्रोजेक्टर पुरत नाही, म्हणून अनेक प्रोजेक्टरांची चित्रे कडेला एकमेकांत मिसळवतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आजूबाजूचे दिवे मंद करतात किंवा बंद करतात. काळोख नसेल तर लाखो रुपयांचे यंत्रही फिके पडते. आपल्याकडचे आयोजक नेमके इथेच चुकतात, असे माझे मत आहे. एका कमानीशेजारी दुसरी कमान, तिच्यापुढे जाहिरातीचा पडदा, आणि शेवटी कुणाचेच काही दिसत नाही. दुर्गम चेरुवूवरचा केबल पूल 2020 मध्ये खुला झाला. त्याचे दिवे लक्षात राहतात ते खालच्या तलावाच्या काळ्या पाण्यामुळे.

आता लेझरकडे येते. दीपमाळ, गोवळकोंडा, सिडनी, सगळीकडे उजेड एखाद्या वस्तूवर पडतो आणि आपण ती वस्तू पाहतो. मिरवणुकीतल्या लेझरला अशी भिंत नसते. म्हणून यंत्राने धूर सोडतात आणि त्या धुरावर हिरव्या-निळ्या रेषा उमटतात. धूर असतो माणसांच्या डोक्याच्या उंचीला. म्हणजे झोतही तिथूनच जातो, आणि ज्याच्यावर पडायचा तो माणसावर पडतो.

साध्या दिव्याचा उजेड चहूकडे पसरतो, दूर जाल तसा तो विरळ होतो. लेझरचा झोत जवळजवळ समांतर राहतो. वीस-तीस मीटरवरही तो फारसा पसरत नाही. असा झोत डोळ्याच्या बाहुलीतून आत गेला, की डोळ्यातले भिंग त्याला दृष्टिपटलावर एका सूक्ष्म ठिपक्यात गोळा करते. भिंगाने उन्हात कागद जाळण्याचा प्रयोग सहावीत सर्वांनी केला आहे, तेच इथे घडते. वर्गात वापरायच्या लेझर पॉइंटरची शक्ती सुमारे एक मिलीवॅट असते आणि पापणी पाव सेकंदात मिटते, म्हणून सहसा निभावते. मिरवणुकीतली यंत्रे काही वॅटची, म्हणजे हजारो पटींनी प्रबळ असू शकतात. तिथे पापणी मिटेपर्यंत उशीर झालेला असतो. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही, त्यामुळे त्या क्षणी मुलाला काही कळतही नाही. जळलेला भाग पुन्हा पूर्ववत होईलच असे नाही.

ही केवळ पुस्तकी भीती नव्हे. सप्टेंबर 2023 मध्ये नाशिकच्या विसर्जन मिरवणुकीनंतर काही तरुण अंधूक दिसते म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे गेले. त्यांच्या दृष्टिपटलाला इजा झालेली आढळली. 2024 मध्ये पुणे पोलिसांनी गणेशोत्सवात लेझर झोतांना मनाई केली. आपल्या आठवीतला एक विद्यार्थीही गेल्या वर्षी एक मिरवणूक पाहून आला आणि दोन दिवस डोळ्यांपुढे डाग दिसतो म्हणत होता. तो डाग गेला. त्या दोन दिवसांत त्याच्या आईचा चेहरा मी पाहिला होता.

'शार्पी' हे लेझर नव्हेत. तो अरुंद झोताचा, फिरत्या डोक्याचा प्रखर दिवा असतो. आभाळाकडे धरला तर ठीक, पण ट्रकवर बांधला की कधी कुठे वळेल ह्याचा नेम नाही. चालणाऱ्या लहान मुलांच्या रांगेसमोर तो नको, एवढेच माझे म्हणणे आहे. विश्वस्त मंडळाने हे दोन्ही खर्च वगळण्यास संमती द्यावी, ही विनंती मी लेखी केलेली आहे. माळा आणि कमान राहतील, त्यांची जोडणी परवानाधारक वायरमनकडून तपासून घेतली जाईल, आणि रात्री दहाला त्या बंद होतील.

मुलांना "रोषणाई नको" असे मी सांगणार नाही. मैदानाच्या मागच्या भिंतीला नुकताच पांढरा चुना दिला आहे. गणेशोत्सवातल्या शनिवारी संध्याकाळी साडेसात वाजता तिथले दिवे अर्धा तास बंद ठेवू. तीन मोठे टॉर्च, त्यांवर लाल, हिरवा आणि निळा जिलेटीन कागद. तिन्ही उजेड भिंतीवर एकाच जागी पडले की तिथे पांढरट प्रकाश दिसेल. मग त्यांच्या पुढ्यात, भिंतीकडे तोंड करून एकाने उभे राहायचे. भिंतीवर त्याच्या तीन सावल्या पडतील, आणि त्यातली एकही काळी नसेल. एक पिवळी, एक गुलाबी, एक मोरपंखी. असे का होते, ते नववीचे विद्यार्थी सांगतील. सातवी-आठवीच्या मुलांनी सावल्यांतून गणपती बसवायचे ठरवले आहे, त्याची तालीम सुरू आहे.

ज्यांच्याकडे मोठा टॉर्च असेल त्यांनी नवे सेल घालून आणावा आणि त्यावर नाव लिहावे. जिलेटीन कागद शाळेतून मिळेल. पालकांनी मुलांबरोबर जरूर यावे, मात्र मोबाइलचे फ्लॅश बंद ठेवावेत.