अमळनेरचा शेअर आणि जळगावची ठेव पावती

जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरात २९ डिसेंबर १९४५ रोजी नोंदणी झालेली एक कंपनी वनस्पती तूप बनवू लागली. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स हे तिचं नाव, महम्मद हाशम प्रेमजी तिचे संस्थापक. गावातल्या व्यापाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी तिचे शेअर घेतले आणि अनेकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या विकलेच नाहीत. तीच आजची विप्रो.

१९९७च्या बोनसआधी ज्याच्याकडे दहा रुपये दर्शनी किमतीचा एक शेअर होता, त्याचे आज आठशे झाले असते. १९९७चा एकास दोन बोनस धरून तीन, १९९९च्या विभाजनात पंधरा, मग २००४, २००५, २०१०, २०१७, २०१९ आणि २०२४चे बोनस. अर्थात बोनसने कुणी श्रीमंत होत नाही. शेअर दुप्पट झाले की भाव त्याच दिवशी निम्म्यावर येतो. श्रीमंती आली ती साबण-तेलाच्या कंपनीने संगणकाच्या धंद्यात जाऊन कमावलेल्या नफ्यातून.

ही वाट सरळ चढणीची नव्हती. फेब्रुवारी २००० मध्ये संगणक कंपन्यांच्या तेजीचं शिखर आलं. पुढच्या दीड-पावणेदोन वर्षांत विप्रोच्या भावातले चार-पंचमांशाहून जास्त पैसे उडाले. पण अमळनेरच्या कपाटातला शेअर होता तिथेच होता. कंपनी चालू होती, लाभांश येत होता. मंदीत घसरतो तो भाव, आणि भाव ठरवतो त्या दिवशी विकायला निघालेला माणूस. उसन्या पैशांवर शेअर घेतलेल्याला भाव पडताच तारण भरून काढावं लागतं. ते जमलं नाही तर शेअर विकले जातात, त्या विक्रीने भाव आणखी पडतो आणि पुढचा कर्जदार अडकतो. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये ८ हजारांच्या खाली आला. २३ मार्च २०२० रोजी तर तो एकाच दिवसात १३ टक्क्यांनी कोसळला. ज्याला विकण्याची गरज नव्हती, त्याचा तोटा तेवढ्यापुरता कागदावर राहिला.

खान्देशातल्या बहुतेक घरांनी मात्र शेअरबाजार दुरूनच पाहिला. पीककर्ज विकास सोसायटीचं, त्या सोसायटीला पैसा जिल्हा बँकेचा. बचत नागरी सहकारी बँकेत, नाहीतर पतसंस्थेत. ठेव पावतीवरचा आकडा रोज हलत नाही, म्हणून ती सुरक्षित वाटते. हा भरवसा मला पटतो, पण अर्धाच. ठेवीदाराचा पैसाही कर्जदाराकडेच गेलेला असतो, फक्त त्या कर्जाचा भाव रोज कुठे छापून येत नाही. २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा ही नागरी सहकारी बँक शेअर दलालाला दिलेल्या कर्जांमुळे बुडाली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना दलालांना कर्ज देण्याची मनाई केली. तेव्हापासून बाजार कोसळला तरी गावची सहकारी बँक त्याच कारणाने थेट बुडण्याचा धोका कमी झाला. शिवाय बँकेतल्या ठेवीला विमा असतो. फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा ठेवीदारामागे पाच लाख आहे. पतसंस्था ही बँक नव्हे, तिच्या ठेवीला हा विमा लागू नाही.

हा फरक जळगावात मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी या बहुराज्यीय पतसंस्थेच्या ठेवीदारांना फार महागात पडला. मुदत संपूनही पैसे मिळेनात, तक्रारी वाढल्या आणि २०१५ मध्ये संस्थापकासह संचालकांना अटक झाली. संस्थेवर अवसायक नेमला गेला. पुढे पोलिसांनी त्या अवसायकावरही गुन्हा नोंदवला. त्यातला मुख्य आरोप असा, की हताश ठेवीदारांच्या पावत्या तीस-चाळीस टक्के रकमेत घेऊन बड्या कर्जदारांची कर्जं त्या पावत्यांच्या पूर्ण किमतीने फेडलेली दाखवली गेली. ज्या पावतीला कधी बाजारभाव नव्हता, तिलाही अखेर तो लागला होता, आणि विकणाऱ्याला थांबायला वेळ नव्हता.