रानभेंडीचं नाव आणि नातं

भातकापणी उरकली की शहापूर-मुरबाडमध्ये जिथे पाण्याची सोय आहे तिथे भेंडी लागते, आणि तिथला माल परदेशातही जातो. याच तालुक्यांच्या डोंगरउतारांवर पावसाळ्यात रानभेंडी फुलते. तिला कोणी विचारत नाही. पण दोघींना एकच नाव देणाऱ्यांची नजर पक्की होती. फूल जवळून पाहा: फिकट पिवळ्या पाच पाकळ्या, तळाशी गर्द जांभळा डाग, मधोमध पुंकेसर जुळून झालेली नळी आणि तिच्या टोकातून बाहेर आलेली कुक्षी. कोकणपट्टीतल्या भेंडाच्या झाडाचं फूलही याच घडणीचं. त्याचं फळ गोलसर असतं, तेव्हा नाव फुलावरूनच पडलं असावं. मराठीत या कुळाला भेंडी कुल म्हणतात. ‘माल्व्हेसी’ हे शास्त्रीय नाव ‘माल्व्हा’ या रोमनांच्या भाजीवरून आलं. ‘मऊ’ अर्थाच्या ग्रीक शब्दाशी जुने लेखक त्याचा संबंध जोडत. भाषातज्ज्ञांचं मात्र त्यावर एकमत नाही.

कोणी म्हणेल, भेंडीचा बुळबुळीतपणा नात्याची खूण मानावी, तर तो अळशीत आणि इसबगोलातही असतो, आणि काटेसावर, मुरुडशेंग, धामण याच कुळातली असून त्यांच्या नावात भेंडी कुठेच नाही. दोन्ही खरं आहे. बुळबुळीतपणा एकटा पुरावा ठरत नाही. या तिघांना तर वनस्पतिशास्त्रानेही वेगवेगळ्या कुळांत ठेवलं होतं. डीएनएच्या अभ्यासानंतर 1998 च्या वर्गीकरणात ती एकत्र आली. लोकांनी दिलेली नावं सगळं नातं सांगत नाहीत, पण इथे जेवढं सांगितलं तेवढं बरोबर निघालं.

हे नातं शेतकऱ्याच्या थेट उपयोगाचं आहे. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा केवडा हा विषाणूजन्य रोग पांढरी माशी पसरवते. त्याची पहिली नोंद 1924 मध्ये मुंबई इलाख्यातली. त्याला तोंड देणारी ‘परभणी क्रांती’ ही भेंडीची जात 1985 मध्ये आली, ती ‘पुसा सावनी’ आणि रानभेंडी यांच्या संकरातून. पुढे तिची प्रतिकारशक्ती अनेक ठिकाणी उणी पडली, हे खरं. पण विषाणू बदलत राहणार असेल, तर रानातल्या नव्या वाणांची गरज वाढतेच. रानभेंडीवर रोग आणि माशी टिकून राहतात म्हणून ती उपटावी, हा आक्षेप शेताच्या बांधापुरता मान्य आहे. तिथे ती काढावीच. माहुली आणि माळशेजच्या उतारांवरची मात्र राहू द्यावी, आणि तिथलं बी गोळा करून बीजपेढीत ठेवावं.