स्वतःच चॅनेल लावणारा ट्रान्समीटर
लेखमाला : आकाशातले आवाज – लेखांक 7

गेल्या आठवड्यात आपण बीसी-348 हा रिसीव्हर उघडून पाहिला. विमानात त्याच्या जोडीला असायचा तो एएन/एआरटी-13 हा ट्रान्समीटर. अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स या गावी आर्थर कॉलिन्स यांच्या कंपनीने तो घडवला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धात बी-29 सारख्या मोठ्या विमानांत तो बसला. त्याचं भारताशी नातं आहे, तेही ओढूनताणून जोडलेलं नाही. 1944 साली बी-29 चे ताफे खरगपूर, दुधकुंडी, पियारडोबा आणि चाकुलिया इथल्या धावपट्ट्यांवर होते. 5 जून 1944 ला या विमानांची पहिली लढाऊ मोहीम निघाली ती इथूनच, बँकॉकवर. त्याच वर्षी काही बी-29 रशियात, व्लादिव्होस्तोकजवळ उतरली आणि रशियाने ती परत दिलीच नाहीत. तिथले विमानरचनाकार तुपोलेव्ह यांनी त्यांची स्क्रूगणिक नक्कल करून टीयू-4 हे विमान उभं केलं. त्यात या ट्रान्समीटरचीही नक्कल झाली, नाव पडलं आर-807. शत्रूने किंवा होऊ घातलेल्या शत्रूने नक्कल करावी, याहून मोठं प्रशस्तिपत्र इंजिनिअरला कुठलं मिळणार?

नक्कल करावी असं यात होतं तरी काय? ताकद म्हणाल तर सुमारे 100 वॅट. त्या काळातही ही काही डोळे दिपवणारी गोष्ट नव्हती. फ्रिक्वेन्सी 2 ते 18.1 मेगाहर्ट्झ. खरी करामत होती ‘ऑटोट्यून’ नावाच्या यंत्रणेत. त्याआधीच्या बीसी-375 मध्ये बँड बदलायचा तर ट्यूनिंगचा अख्खा खण उपसून दुसरा खुपसावा लागे आणि मग सगळं हाताने जुळवावं लागे. हे करायचं कुठे, तर हादरणाऱ्या, गारठलेल्या विमानात, हातमोजे घालून. एआरटी-13 मध्ये ऑपरेटरने चॅनेलचा स्विच फिरवला की आतली मोटार गुरगुरते, पुढच्या काळ्या पॅनेलवरची पाच बटणं आपोआप फिरू लागतात आणि साधारण पंचवीस सेकंदांत एकेक करून आपापल्या जागी थांबतात. अशी दहा चॅनेल आधी लावून ठेवता येतात. ना इलेक्ट्रॉनिक मेमरी, ना कॉम्प्युटर. सगळी आठवण पितळ-पोलादात.

ही आठवण चालते कशी, ते नीट पाहू. पुढची सगळी देखभाल तिच्याभोवतीच फिरते.

प्रत्येक बटणाच्या शाफ्टवर कड्यांची चळत असते. एका चॅनेलला एक कडी आणि प्रत्येक कडीला एक खाच. समोर तितक्याच खिट्ट्या. चॅनेल बदललं की मोटार आधी एका दिशेने फिरते, सगळ्या शाफ्टना मागे रेटते आणि त्याच फेऱ्यात निवडलेल्या चॅनेलची खिट्टी पुढे येते, बाकीच्या बाजूला राहतात. मग मोटार दिशा बदलते. शाफ्ट पुढे फिरू लागतो आणि त्याच्या कडीची खाच खिट्टीसमोर आली की खिट्टी आत पडते, शाफ्ट जागच्या जागी अडतो. मोटार मात्र चालूच असते, क्लच घसरत राहतो, कारण बाकीच्या शाफ्टना अजून पोचायचं असतं. सगळे पोचले की मोटार बंद.

यातली मेख दिशेत आहे. दातेरी चाकांत थोडा प्ले असणारच. कितीही चोख बनवा, दात आणि दात यांच्यात केसभर जागा उरते. पण शेवटचा प्रवास दर वेळी एकाच दिशेने झाला, तर तो प्ले दर वेळी एकाच बाजूला जातो आणि बटण नेमकं त्याच जागी थांबतं. कॉलिन्सच्या मंडळींनी प्ले काढून टाकायचा हट्ट धरला नाही. त्याचा त्रासच उरू नये अशी व्यवस्था केली. हे मला त्यांच्या सगळ्या कामात सर्वांत हुशारीचं वाटतं.

आता हा संच तुमच्या टेबलावर आलाय असं धरू. हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना असेल तरच पुढचं करावं. नसेल त्याने खुशाल वाचावं, बटणाला हात लावू नये.

बसवणं म्हणजे या संचाला विमानात जे मिळत होतं ते जमिनीवर मिळवून देणं. पहिली गोष्ट वीज. त्याला लागते 28 व्होल्ट डीसी. नुसते व्हॉल्व्ह तापवायला आठ-दहा अँपिअर जातात आणि बोलायचं बटण दाबलं की आकडा तिसाच्या आसपास. घरात पडलेली बारीक वायर इथे लावू नका. जाण्या-येण्याच्या वायरीचा रेझिस्टन्स दोन्ही मिळून एक दशांश ओहम असला, तरी 30 अँपिअरला 3 व्होल्ट वायरीतच खलास होतात. मग ऑटोट्यूनची मोटार रेंगाळते, रिले अर्धवट ओढले जातात आणि माणूस दोष शोधत बसतो व्हॉल्व्हमध्ये. ट्रकच्या दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये लावा, वेल्डिंगला वापरतात तसली जाड केबल घ्या आणि बॅटरीच्या टर्मिनललगतच फ्यूज बसवा. मीटरचा स्विच बॅटरीच्या खुणेवर ठेवला की संचापर्यंत प्रत्यक्षात किती व्होल्ट पोचतात ते पॅनेलवरच दिसतं. ते बोलताना बघायचं, नुसतं चालू असताना नव्हे.

या 28 व्होल्टपासून उच्चदाब करतो तो डायनामोटर : एकाच आर्मेचरवर मोटारही आणि जनरेटरही. त्याची दोन आउटपुट आहेत, 400 आणि 750 व्होल्टची. ती सीरिजमध्ये जोडली की शेवटच्या व्हॉल्व्हला 1150 व्होल्ट मिळतात. विमान फार उंच गेलं की हवेच्या दाबावर चालणारा एक स्विच ही जोडणी बदलून फक्त 750 व्होल्ट देतो. विरळ हवेत ठिणगी लवकर उडते, म्हणून ही काळजी. जमिनीवर या स्विचला काही काम नाही. पण त्याचे काँटॅक्ट गंजलेले असतील तर संच पुण्यात असूनही आपण ढगांच्या वर आहोत अशा समजुतीत निम्म्या ताकदीने चालतो.

डायनामोटर की मेनवर चालणारा पॉवर सप्लाय, यावर हॅम मंडळींत कायमचा वाद आहे. मी दोन्ही ठेवीन. प्रदर्शनात, चार माणसांसमोर डायनामोटरच हवा. ती वाढत जाणारी शीळ ऐकल्याशिवाय या संचाची ओळख पुरी होत नाही. रोजच्या गप्पांना मात्र मेनवरचा सप्लाय, कारण डायनामोटरचे ब्रश आणि बेअरिंग झिजतात आणि नवे मिळत नाहीत. एका गोष्टीला माझा ठाम विरोध आहे. युद्धानंतर हे संच भंगाराच्या भावाने विकले गेले, तेव्हा अनेकांनी ऑटोट्यूनची मोटार काढून फेकली आणि बटणं हाताने फिरवायची सोय केली. तसा संच चालतो छान, पण मग तो एआरटी-13 उरत नाही. शंभर वॅटचा ट्रान्समीटर कुठूनही मिळेल हो.

दुसरी गोष्ट एरियल. विमानात एरियल म्हणजे धडापासून शेपटीपर्यंत ताणलेली वायर, नाहीतर मागे सोडलेली लोंबती तार. आतलं जुळवणीचं सर्किट अशा वायरीसाठी बनवलंय. आपण जोडतो 50 ओहमची केबल. ती खालच्या फ्रिक्वेन्सींवर या सर्किटच्या आवाक्यात येत नाही. लोड चढतच नाही, बटण शेवटपर्यंत जातं तरी मीटर ढिम्म. अशा वेळी बाहेरून उच्चदाबाचा कपॅसिटर लावावा लागतो. 7 मेगाहर्ट्झला मात्र लांब वायर आणि चांगली अर्थिंग एवढ्यावर सहसा भागतं. विमानाचं अख्खं धातूचं अंग अर्थिंगचं काम करायचं; आपल्याकडे गच्चीवरच्या संचाला तेवढी अर्थिंग मिळत नाही. मग माइकच्या जाळीला ओठ लागला की चटका बसतो. गच्चीवर एरियलखाली दोन-चार लांब वायरी पसरून अर्थच्या टर्मिनलला जोडल्या की तो त्रास बराच कमी होतो.

पहिल्यांदा चालू करताना घाई नको. झाकण काढून आधी नजर फिरवा, मग ऑटोट्यूनचे शाफ्ट हाताने हळूच हलवून पाहा. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. तसंच मोटारला सोडलं तर क्लच घसरतो, खिट्टी खाचेपर्यंत पोचत नाही आणि बटणं भलतीकडेच थांबतात. उपाय कंटाळवाणा आहे. जुनं ग्रीस ब्रशने आणि स्पिरिटने पूर्ण काढायचं, बेअरिंगला हलक्या तेलाचा एकेक थेंब, चाकांच्या दातांना ग्रीसचा पातळ हात. वरून स्प्रे मारून मोकळं व्हायचा मोह आवरा. ते तेल क्लचमध्ये शिरतं आणि मग जिथे घसरू नये तिथेही घसरतं.

व्हॉल्व्ह तापवून पहिली चाचणी उच्चदाबाशिवाय. मोटार फिरते का, पाचही बटणं थांबतात का, दोनदा तेच चॅनेल लावलं तर आकडे तेच येतात का. हे जमलं की एरियलऐवजी डमी लोड लावून उच्चदाब द्या. इथे 1150 व्होल्ट आहेत आणि त्यामागे दम असलेला सप्लाय. असा झटका माणूस मारतो. झाकण उघडायचं तर आधी बॅटरी काढा, मग लाकडी दांड्याला बांधलेली अर्थची वायर प्रत्येक मोठ्या कपॅसिटरला टेकवा, आणि आत हात घालताना दुसरा हात खिशात.

चॅनेल लावायची रीत अशी. मोटार पूर्ण थांबू द्या. ‘ए’ हे बटण बँडचं. 6 ते 7.2 मेगाहर्ट्झ हा सातवा बँड, म्हणजे आपला भारतीय 7 ते 7.2 चा अख्खा पट्टा त्यात बसतो. प्रत्येक बटणावर कुलपाची एक पट्टी असते. ती सैल करायची, बटण हव्या जागी न्यायचं, बटण धरून ठेवत पट्टी आवळायची. आवळताना बटण किंचित सरकलं तर दर वेळी तेवढीच चूक आठवणीने परत येते. ‘बी’ हे बारीक ट्यूनिंगचं बटण तक्त्याच्या पुस्तकातल्या आकड्यावर ठेवा, स्विच कॅलिब्रेटवर नेऊन हेडफोन लावा. आत 200 किलोहर्ट्झचा क्रिस्टल आहे. जवळच्या तपासणीच्या आकड्यावर शिट्टी खाली खाली येत नाहीशी होते, तो शून्य बीट. या बँडवर मूळ ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी सहापट होते. ऑसिलेटर 50 हर्ट्झने सरकला की हवेत 300 हर्ट्झची चूक. म्हणून संच निदान अर्धा तास तापू द्यावा आणि मगच शून्य बीट पाहावा.

‘सी’, ‘डी’, ‘ई’ ही एरियलची बटणं. स्विच ट्यूनवर, म्हणजे ताकद कमी. ‘डी’ फिरवत प्लेट करंटच्या काट्याकडे बघा. एका जागी काटा एकदम खाली बसतो आणि पुढे गेलात की पुन्हा चढतो. तो डिप सापडला नाही तर ‘सी’ एक घर पुढे. सापडला की ‘ई’ने लोड थोडा वाढवा, डिप पुन्हा शोधा. दोन्ही आलटून पालटून, हलक्या हाताने. डिपपासून दूर राहून बोलायचं बटण दाबून धरलंत तर 813 व्हॉल्व्हची प्लेट लाल होते. ती लाली दिसली की बटण लगेच सोडायचं.

आवाजाचं काम 811 व्हॉल्व्हची जोडी करते. माइक कार्बनचा की डायनॅमिक, यासाठी संचात एक स्विच आहे आणि तो चुकीच्या बाजूला असला की समोरचा म्हणतो, कॅरियर आहे, आवाज नाही. कार्बनचा जुना माइक दमट हवेत गोठतो. हातावर दोनदा आपटला की बोलू लागतो. लष्कराच्या सूचनांत हा उपाय नसेल, पण रेडिओवाल्यांच्या पिढ्या यावर निघाल्या. एएम आहे, जागा जास्त खातं, तेव्हा बोलण्याआधी आजूबाजूला कोणी आहे का ते ऐका. अमेरिकेत 3885 किलोहर्ट्झवर अशा जुन्या संचांची वर्दळ असते. आपल्याकडे 7 मेगाहर्ट्झवर सिंगल साइडबँडच्या गर्दीत एएमचा कॅरियर उभा राहिला की चौकशी सुरू होते, आणि चौकशीतूनच गप्पा.

देखभालीचा खरा शत्रू आपल्याकडे पाऊस. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग ओल धरतात आणि अशा अवस्थेत उच्चदाब दिला की वाइंडिंगच फुटतं. संच झाकून ठेवा, आत छोटा बल्ब सतत पेटता राहू द्या, आणि आठवड्यातून एकदा नुसते व्हॉल्व्ह तापवा. ऑटोट्यूनही फिरवा, दहाही चॅनेलवर. न फिरणारं ग्रीस पुन्हा घट्ट होतं. 813 ला रशियन जीयू-13 किंवा चिनी एफयू-13 चालतो, तेव्हा त्याची चिंता नाही. संचातला 1625 व्हॉल्व्ह म्हणजे 807 च, फक्त हीटर 12.6 व्होल्टचा आणि बैठक निराळी. जपायचा तो एरियलचा काचेतला व्हॅक्यूम रिले. काच तडकून हवा शिरली की आत निळसर ठिणगी दिसते आणि मग त्या जागी दुसरा रिले बसवण्यावाचून गत्यंतर नाही.

डायनामोटरबद्दल इथे थोडक्यातच लिहिलं, कारण त्याला वेगळा लेखांक हवा. ब्रश कसे पारखायचे, कॉम्युटेटरला एमरी का लावायचा नाही, आणि बेअरिंग न फोडता त्यातलं जुनं ग्रीस कसं काढायचं, ते पुढच्या आठवड्यात. तोवर तुमच्या संचाला डायनामोटर असेल तर त्याला वीज देऊ नका, हाताने फिरवून अडतो का तेवढं पाहून ठेवा.