नॉर्थ सेंटिनल बेटावर जायला बंदी का आहे? आणि तिथं नेमका धोका कुणाला आहे?

'जगातली सगळ्यात डेंजर बेटं' असं रील तुमच्याही फीडवर कधीतरी येऊन गेलं असेल. त्यात तीन नावं हमखास असतात. ब्राझीलचं सापांचं बेट, न्यूझीलंडचं ज्वालामुखीचं बेट आणि आपल्या अंदमानातलं नॉर्थ सेंटिनल.

पहिली दोन पटकन बघू. ब्राझीलच्या इल्हा दा क्येमादा ग्रांदेवर गोल्डन लान्सहेड हा विषारी साप राहतो, जो जगात दुसरीकडे कुठंच नाही. तिथं सर्वसामान्यांना प्रवेश बंद आहे, नौदलाची माणसं आणि परवानगी घेतलेले संशोधक तेवढे जातात. रीलमध्ये 'एका चौरस मीटरला पाच साप' सांगतात, ती मात्र थाप आहे. बेट ४३ हेक्टरचं आणि साप अंदाजे २ ते ४ हजार, म्हणजे शंभर चौरस मीटरला एखादा. तोही कमी नाहीच म्हणा.

न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ ला ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा पर्यटक आणि गाईड मिळून ४७ जण तिथं होते. त्यातले २२ जण गेले. तीन आठवडे आधीच धोक्याची पातळी वाढवली होती, पण टूर चालूच राहिल्या.

आता आपल्याकडचा विषय. सेल्युलर जेल बघायला दरवर्षी कितीतरी मराठी माणसं पोर्ट ब्लेअरला जातात. आता त्याचं नाव श्री विजयपुरम झालंय. तिथून पश्चिमेला साधारण ५० किलोमीटरवर नॉर्थ सेंटिनल आहे. क्षेत्रफळ सुमारे ६० चौरस किलोमीटर. सेंटिनली लोक किती आहेत हे कुणालाच नक्की माहीत नाही. २०११ च्या जनगणनेत लांबूनच १५ जण मोजले गेले, बाकीचे अंदाज ५० ते २०० च्या दरम्यान आहेत.

हे लोक बाहेरच्यांवर बाण सोडतात, हे सगळ्यांना माहीत असतं. का सोडतात, हे मात्र रीलमध्ये सांगत नाहीत.

तर झालं असं की, १८८० मध्ये मॉरिस पोर्टमन नावाचा इंग्रज अधिकारी ताफा घेऊन बेटावर उतरला. त्यानं एक वयस्कर जोडपं आणि चार मुलं उचलून पोर्ट ब्लेअरला नेली. सगळे आजारी पडले, दोघं म्हातारे दगावले. मग मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडलं. ती मुलं सोबत कोणता आजार घेऊन गेली, बेटावर पुढं काय झालं, याची कुठंच नोंद नाही. सेंटिनलींच्या आठवणीत ते राहिलं असेल का, हे सांगता येत नाही. पण शेजारच्या ग्रेट अंदमानी लोकांचं उदाहरण डोळ्यासमोर आहे. इंग्रज आले तेव्हा हजारोंनी असलेली ही जमात गोवर आणि इतर साथींनी संपत गेली. आज ५० च्या आसपास माणसं उरलीत. साधी सर्दीसुद्धा, ज्यांच्या शरीरानं ती कधी पाहिलीच नाही, त्यांचा जीव घेऊ शकते.

कायम बाणच आले असंही नाही. जानेवारी १९९१ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ मधुमाला चट्टोपाध्याय आणि त्यांचे सहकारी नारळ घेऊन गेले, तेव्हा सेंटिनलींनी पाण्यात येऊन ते घेतले. थोड्या वर्षांनी सरकारनं स्वतःच या मोहिमा थांबवल्या. 'लांबून लक्ष ठेवा, जवळ जाऊ नका' हे धोरण ठरलं. १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमावलीनुसार तिथं जायला बंदी आहे, आणि बेटाभोवती पाच सागरी मैलांच्या आत बोट नेणं हा गुन्हा आहे.

तरी लोक जातात. नोव्हेंबर २०१८ मध्ये जॉन ॲलन चाऊ हा २६ वर्षांचा अमेरिकन तरुण धर्मप्रचारासाठी मच्छीमारांना पैसे देऊन पोचला आणि मारला गेला. मृतदेह आणायचा प्रयत्न शेवटी सोडून दिला, कारण त्यात अजून जीव गेले असते. चाऊची बातमी जगभर झाली, पण त्याला नेणारे स्थानिक मच्छीमार अटकेत गेले, त्यांच्यावर रील कुणी बनवलं नाही.

मार्च २०२५ मध्ये तर एक २४ वर्षांचा अमेरिकन हवेच्या बोटीतून एकटाच गेला. लोकांचं लक्ष वेधायला शिट्टी वाजवली, कुणी दिसलं नाही, तर किनाऱ्यावर नारळ आणि डाएट कोकचा कॅन ठेवून, व्हिडिओ काढून परत आला. दोन दिवसांनी पोलिसांनी पकडलं.

त्या कॅनवर त्याचे हात लागलेले होते. ते बेटावरच्या कुणी उचललं का, हे कळायला कुणाकडेच मार्ग नाही.