पाहुण्याच्या हाती उलथनं

सकाळी ९.५०

निशिकासाईहून तोझाई लाइन, मोन्झेन-नाकाचोला गाडी बदलायची, पुढे एकच स्टेशन: त्सुकिशिमा. सात नंबरच्या दारानं वर आलं की निशिनाका रस्ता लागतो. टोकियोत त्याला 'मोन्जा स्ट्रीट' म्हणतात, कारण दोन्ही बाजूंना आणि आतल्या बोळांतही मोन्जायाकीचीच, म्हणजे टेबलावरच्या तव्यावर भाजून खायच्या पातळ पिठाच्या पदार्थाची, दुकानं. आज शनिवार. परदेशी विद्यार्थ्यांना आठवड्याला २८ तास काम करायची परवानगी असते. त्यातले ८ मी शनिवारी यातल्या एका दुकानात घालवते.

सकाळी १०

कोबी. पहिला तासभर फक्त कोबी. मोन्जाचा कोबी कोशिंबिरीसारखा तलम चिरला तर तव्यावर विरघळून जातो, जाड ठेवला तर कच्चा राहतो. चिरून धुतला की नीट निथळू द्यायचा. ओला राहिला तर तव्यावर पाणी सोडतो आणि गिऱ्हाइकानं त्याच कोबीचा रचलेला बांध फुटतो. दोष मात्र त्या बिचाऱ्याला आपल्या हाताचा वाटतो. म्हणून या कामात मी घाई करत नाही.

मग पीठ. मैदा अगदी थोडा, बाकी सुक्या माशाचा आणि कोम्बू शेवाळाचा अर्क, वर वूस्टर सॉस. घावणाच्या पिठाहूनही पातळ. वाडग्यात तळाशी हे पीठ, त्यावर कोबीचा ढीग, तळणीतला चुरा, सुकवलेल्या माकुळाचे बारीक तुकडे आणि साकुरा-एबी, म्हणजे सुकी बारीक कोळंबी. मी वेंगुर्ल्याची. साकुरा-एबीचं पाकीट पहिल्यांदा फोडलं तेव्हा जवळ्याचा वास आला आणि घर आठवलं. सगळ्यात जास्त खपतो तो मेन्ताइको-मोची-चीज. मेन्ताइको म्हणजे तिखटात मुरवलेली गाभोळी, मोची म्हणजे चिकट तांदळाच्या वड्या.

सकाळी ११

गॅस पेटवायचा. प्रत्येक टेबलाच्या मधोमध जाड लोखंडी तवा बसवलेला आहे. त्याला सगळीकडे सारखा ताव यायला वेळ लागतो, म्हणून गिऱ्हाइक यायच्या आधीच पेटवून ठेवायचा. तेल लावायला दांड्याचा बोळा असतो. आई बिडाच्या तव्यावर नारळाच्या शेंडीनं तेल फिरवते, अगदी तसाच हात फिरतो. मालकीणबाई, आम्ही त्यांना ओकामी-सान म्हणतो, दारावर नोरेन, म्हणजे दुकानाचा कापडी पडदा, टांगतात आणि आम्ही सगळे मिळून ओरडतो, "इराश्शाइमासे!", म्हणजे या, या.

दुपारी १२.१०

पहिल्यांदा आलेली माणसं वाडगा तव्यावर सरळ उपडा करतात. म्हणून वाडगा ठेवतानाच सांगते: आधी वरचं घ्या, पीठ राहू द्या. कोबी आणि बाकीचं तव्यावर घालायचं, दोन उलथन्यांनी टकटक टोचत मऊ करायचं. मग त्याचं गोल आळं करायचं, झाडाला करतात तसं. जपानीत त्याला 'दोते' म्हणतात, बांध. पीठ ढवळून मधल्या खळग्यात ओतायचं, एकदम नाही, दोनतीनदा. ते बुडबुडून घट्ट होऊ लागलं की बांध मोडून सगळं एकत्र करायचं आणि पातळ पसरायचं.

आणि मग थांबायचं. हे सगळ्यात अवघड. कडा करपू लागतात, हात शिवशिवतात. पण खायची वस्तू तीच, ती खाली धरलेली खरवड. जपानीत 'ओकोगे'. बोटभर लांबीच्या चिमुकल्या उलथन्यानं, 'हागाशी'नं, ती तव्यावर दाबायची, आपल्याकडे ओढायची, फुंकर घालून तोंडात टाकायची. पिठल्याची खरवड ज्याला आवडते त्याला ही चव समजावून सांगावी लागणार नाही.

तव्यावरचीच दुसरी वस्तू, ओकोनोमियाकी, त्या मानानं सोपी. 'ओकोनोमि' म्हणजे आवडीप्रमाणे, 'याकी' म्हणजे भाजलेलं. ती थालीपिठासारखी अंगानं उभी राहते, उलटता येते. मोन्जा शेवटपर्यंत आकार धरत नाही.

दुपारी १.३०

सुट्टी साडेतीन तास. मागच्या खोलीत माकानाइ, म्हणजे कामावरच्या माणसांचं जेवण. मग चालत त्सुकुदापर्यंत, सुमियोशी देवळाकडे.

त्सुकिशिमा मुळात जमीनच नाही. गाळ उपसून भराव घातला आणि १८९२ साली हे बेट तयार झालं. शेजारच्या इशिकावाजिमावर १८५३ पासून जहाजांचा कारखाना होता, त्यामुळे कामगारांची वस्ती, चाळींच्या रांगा. या चाळींतल्या पोरांसाठी गोळ्याबिस्किटांच्या दुकानांत एक तवा असायचा. खिशातल्या चिल्लरीत वाटीभर पीठ मिळायचं. पोरं त्या पिठानं तव्यावर अक्षरं काढायची आणि खायची. 'मोजी' म्हणजे अक्षर. मोजीयाकीचं मोन्जायाकी झालं, असं सांगतात. त्याआधीच्या काळातल्या होकुसाई या चित्रकाराच्या चित्रसंग्रहातही एक मोजीयाकीवाला आहे, म्हणजे तवा या बेटाहून जुना. भूमिगत रेल्वे इथे १९८८ मध्ये आली आणि पोरांचा खाऊ बाहेरच्या मोठ्या माणसांचं जेवण झाला. कारखान्याच्या जागी आता उंच इमारती आहेत.

संध्याकाळी ५

दाराबाहेर रांग. आठही तवे पेटलेले. धूर, सॉसचा करपट गोड वास. कोट ठेवायला प्रत्येक बाकाखाली झाकणाची पेटी आहे, तरी वास घरापर्यंत जातोच.

या दुकानाचा एक नियम आहे: मागितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या तव्याला हात लावायचा नाही. इतर ठिकाणी करून देतात, आणि त्यात वाईट काही नाही. मी नवीन असताना हा नियम मला उद्धटपणाच वाटायचा. आमच्या घरी पाहुण्याला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत. कामाच्या तिसऱ्याच दिवशी एक वयस्कर गृहस्थ एकटेच बसले होते. त्यांच्या मोन्जाच्या कडा काळ्या पडायला लागल्या. मी धावत गेले, उलथनी घेतली आणि अर्ध्या मिनिटात सगळं खरवडून, एकत्र करून छान पसरून दिलं. ते वाकून आभार मानून जेवले आणि गेले. रात्री ओकामी-सान म्हणाल्या, "ते इथलेच, लहानपणी आईनं दिलेलं नाणं घेऊन यायचे. त्या काळ्या कडेसाठीच येतात. तू त्यांना जेवू घातलंस, पण त्यांचं येणं वाया गेलं."

त्या रागावल्या नव्हत्या. म्हणूनच ते अजून लागतं. ते गृहस्थ पुन्हा आले, तेव्हा त्यांचं टेबल माझ्याकडे नव्हतं. मी लांबूनच पाहिलं. ते कितीतरी वेळ नुसते तव्याकडे बघत होते.

संध्याकाळी ७.१५

चार नंबरच्या टेबलावर मराठी ऐकू आलं. निशिकासाईचंच कुटुंब, सहा-सात वर्षांचा मुलगा आणि साताऱ्याहून आलेली आजी. आजी शाकाहारी. मी स्पष्ट सांगितलं, "आजी, आमच्या पिठात माशाचा अर्क असतो आणि या तव्यावर दिवसभर सगळंच भाजलं जातं." खोटं सांगून खाऊ घालणं मला जमलं नसतं. मी ओकामी-सानना विचारलं. त्यांनी स्वतः तवा पाण्यानं दोनदा धुतला आणि साध्या पाण्यात वेगळं पीठ कालवलं: सोया सॉस, कोबी, मका, मोची, चीज. "एवढ्यावर चालेल?" त्यांनी मला विचारायला सांगितलं. आजी म्हणाल्या, "एवढं धुतलंत बाई, चालेल की."

आळं आजींनी एका हातानं केलं. पीठ ओतलं. मग हागाशी हातात घेतली ती उलटी, धारेची बाजू वर. माझा हात पुढे गेला. मी तो पदराआड, म्हणजे ॲप्रनमागे, घेतला आणि तिथेच उभी राहिले. आजींनी ती दोनदा फिरवून पाहिली, तव्यावर टेकवली, दाबली, ओढली. नाही आली. पुन्हा दाबली. या वेळी खरवड कुरकुरत अखंड निघाली.

"पोरी, ही तर आमच्या पिठल्याची," त्या म्हणाल्या.

मुलाला मी अक्षरांची गोष्ट सांगितली. वाडग्यात उरलेल्या पिठानं त्यानं तव्यावर आधी जपानी 'आ' काढला. आजींनी चमचा मागून घेतला आणि शेजारी 'अ' काढला. दोन्ही करपायच्या आत मुलानं खाल्ले.

रात्री ९.१०

तवा गरम असतानाच साफ करावा लागतो, गार झाला की करपलेलं सुटत नाही. रुंद पात्यानं खरवडायचं, पाणी टाकायचं, वाफ अंगावर येते, पुन्हा खरवडायचं, पुसायचं आणि तेलाचा पातळ हात द्यायचा. आठ तवे. साबण नाही. चार नंबर सगळ्यात शेवटी केला.

रात्री ९.३०

"ओत्सुकारेसामा," म्हणजे दमलीस, ओकामी-सान म्हणाल्या, आणि उद्याच्या कोबीचे खोके दाराशी आलेत, ते जाता जाता आत घे, असंही.