अल्पवयीन सम्राटाची सही

बायझंटाईन साम्राज्याच्या इतिहासग्रंथांत दुसऱ्या अलेक्सिओसच्या वाट्याला फार तर एखाद-दुसरे पान येते, आणि तेथेही त्याला ‘दुर्बल’ ठरवून लेखक पुढे सरकतो. मला ते विशेषण पटत नाही. सप्टेंबर ११८० मध्ये सम्राट मानुएल वारला तेव्हा हा मुलगा जेमतेम अकरा वर्षांचा होता. त्याच वर्षी फ्रान्सच्या सातव्या लुईची मुलगी अॅग्नेस हिच्याशी त्याचा विवाह झाला होता; ती तर त्याच्याहून लहान.

कारभार विधवा आई मारिया आणि मानुएलचा पुतण्या यांच्या हाती गेला. मारिया अँटिऑकची, म्हणजे राजधानीच्या लोकांच्या लेखी परकी, ‘लॅटिन’. इटालियन व्यापाऱ्यांवरील रोष तिच्यावर उलटला. ११८१ मध्ये सावत्र बहिणीने बंड केले. ११८२ मध्ये मानुएलचा चुलतभाऊ अँद्रोनिकोस ‘मुलाचा रक्षणकर्ता’ म्हणून चालून आला आणि शहरात लॅटिनांची कत्तल झाली. त्यानंतर मुलाला पुन्हा राज्याभिषेक करण्यात आला; अँद्रोनिकोसने त्याला खांद्यावर बसवून मिरवले.

त्याला जिवंत ठेवण्याचे कारण मला त्याच्या सहीत दिसते. सत्ता बळकावता येते, पण कायदेशीरपणा उसनाच घ्यावा लागतो. आईच्या देहदंडाच्या हुकमावर याच मुलाची सही घेण्यात आली, असे इतिहासकार निकेतास खोनियातेस सांगतो. ती शिक्षा अमलात आणायला अँद्रोनिकोसचा थोरला मुलगा मानुएल याने नकार दिला. तो प्रौढ होता, नाही म्हणू शकला. अलेक्सिओसला ती सोय नव्हती.

सप्टेंबर ११८३ मध्ये अँद्रोनिकोस सहसम्राट झाला आणि सहीची गरज संपली. लवकरच धनुष्याच्या दोरीने मुलाचा गळा आवळून प्रेत समुद्रात टाकण्यात आले. त्याच्या बालविधवेशी साठी ओलांडलेल्या अँद्रोनिकोसने लग्न केले.

पण घराण्याचा मान मारल्याने मरत नाही. ११८५ मध्ये सिसिलीच्या नॉर्मनांनी एका तोतया अलेक्सिओसला पुढे करून स्वारी केली आणि थेस्सालोनिकी लुटले. त्याच वर्षी राजधानीतल्या जमावाने अँद्रोनिकोसचे हाल हाल करून त्याला मारले. नकार देणाऱ्या मानुएलचेही डोळे नव्या राजवटीने काढले. अशा दरबारात अकरा वर्षांच्या पोराला ‘दुर्बल’ म्हणणे म्हणजे भोवतालच्या प्रौढांना मोकळे सोडणे होय.